थांबा मोकळा करण्याविषयी

सोमवार, २ सप्टेंबर

आदरणीय आगारप्रमुख, आणि धाडस करून लिहिते, आत्या,

जिच्याशी आपण कधी बोललेलो नाही अशा व्यक्तीला पत्र लिहायला बसणे हा आगाऊपणा आहे, याची मला जाणीव आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुम्ही घर सोडलेत तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्यामुळे काही बोललेही असेन, पण त्यात धड वाक्य असण्याची शक्यता कमी. मी तुमच्या दादाची मुलगी. शाळेत पहिली यायचे, आता महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, आणि चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडतो. म्हणून लिहिते आहे.

विषय आमच्या बसचा आहे.

तुम्ही गेल्यानंतर वस्तीत सोयींची जी भर पडली ती थोडक्यात सांगते. नळ आले, त्यांना एक दिवसाआड पाणी येते. पाण्याची टाकी झाली, ती गळते. दूध संकलन केंद्रावरचे लिटरकाका (त्यांचे खरे नाव आता त्यांनाही आठवत नसावे) यांनी त्या गळतीवर केळी लावली आहेत, आणि केळी उत्तम आल्याने टाकी दुरुस्त करण्यास त्यांचा सक्त विरोध आहे. आरोग्याची खोली बांधून झाली. तिचे कुलूप नर्सबाई पंधरवड्यातून एकदा उघडतात, आणि त्या येतात बसने. वाचनालय म्हणजे दूध केंद्रातले एक कपाट. त्याच्या वरच्या दोन कप्प्यांत पुस्तके आणि खालच्या दोन कप्प्यांत दुधाच्या नमुन्यांच्या बाटल्या असतात, त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक कादंबरीला आंबूस वास आहे. बाकी रक्तदाबाच्या गोळ्या, पंपाचा पट्टा, चष्म्याची काच, माझी ग्रंथालयातली पुस्तके, सगळे शहरातून ड्रायव्हरच्या मागच्या आसनाखाली बसून येते. म्हणजे आमच्या वस्तीला खरी सोय एकच आहे, आणि तिला चाके आहेत.

ती तुमचे कार्यालय एक ऑक्टोबरपासून बंद करणार आहे, कारण मोजणीत प्रवासी शून्य आले.

शून्य कसे आले ते सांगते. गेल्या महिन्यात तुमचा मोजणीचा माणूस आमच्या थांब्यावर तीन सकाळी येऊन बसला. निवाऱ्यात बसायला जागा नव्हती, तो गुरांच्या चाऱ्याने भरलेला असतो (कोणाच्या, हे येथे महत्त्वाचे नाही), म्हणून आईने त्याला घरातली खुर्ची नेऊन दिली. साऱ्या वस्तीने त्याला आळीपाळीने चहा पाजला. मात्र थांब्यावरून कोणी चढले नाही, कारण आमच्याकडे थांब्यावरून कोणीच चढत नाही. बस प्रत्येकाच्या फाटकावर थांबते. मळ्यातल्या काकू त्यांच्या फाटकावर चढतात, नर्सबाई गोठ्यापाशी उतरतात, आणि आमचे घर थांब्याच्या अगदी समोर असूनही मी पुढच्या बांधापर्यंत चालत जाते, कारण थांब्यावर बस थांबत नाही. हे त्या भल्या माणसाला एकानेही सांगितले नाही. मी लिटरकाकांना विचारले.

"काका, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

"की आपण सगळे फाटकावर चढतो."

"ते त्यानं विचारलं कुठे? त्यानं विचारलं, थांब्यावर कोण चढतं. म्हटलं, कोणी नाही. खोटं कशाला बोलू? चांगला माणूस होता."

बस बंद झाली की माझे महाविद्यालय बंद झाले, कारण तिकडे जाणारे दुसरे काही नाही. हजेरी तीन चतुर्थांश नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. बाबांचे म्हणणे असे की, "हजेरी लागली नाही म्हणून कुणी अडाणी झालंय का? घरी वाच, परीक्षेला मी मोटरसायकलवर सोडीन." मी तीनदा समजावले. चौथ्यांदा समजावण्यापेक्षा तुम्हाला लिहिणे सोपे वाटले, यावरून माझी मनःस्थिती लक्षात यावी.

माझी विनंती फेरमोजणीची आहे. बाबांना या पत्राविषयी माहीत नाही. आईने पाकीट चिकटवून दिले आणि म्हणाली, "मी काही पाहिलेलं नाही."

तुमची भाची


गुरुवार, १२ सप्टेंबर

आदरणीय आत्या,

तुमचे टंकलिखित उत्तर मिळाले. तीनच ओळी आहेत, पण एकही शब्द फुकट गेलेला नाही. अशी वाक्यरचना मला आवडते, एरवी अधिक आवडली असती. फेरमोजणी सोमवार, ३० तारखेला. किमान पंधरा प्रवासी अपेक्षित. प्रवाशांनी नेमलेल्या थांब्यावरूनच चढावे, त्या दिवशी बस अन्यत्र थांबणार नाही. खाली सही. "प्रिय" नाही, "भाची" नाही. माझी तक्रार नाही, मी केवळ नोंदवते आहे.

उत्तर माझ्या हाती मात्र सरळ आले नाही. कंडक्टरने चालत्या बसमधून ते आमच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बाबांच्या हातात दिले आणि वर सांगितले, "मॅडमचं आहे." वस्तीत एक गोष्ट गुप्त राहील तर शपथ.

मी घरी आले तेव्हा कागद माझ्या पुस्तकांवर सही वर करून ठेवलेला होता. बाबा पलीकडे कोयत्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "सही अजून तशीच करते. शेवटची रेघ लांब." आणि पुन्हा धार लावू लागले.

आता जे मागच्या पत्रात मी महत्त्वाचे नाही म्हटले ते सांगणे भाग आहे. निवाऱ्यातला चारा आमचा आहे. म्हणजे बाबांचा. मला आठवते तेव्हापासून तो तिथेच आहे. लहानपणी मला वाटे की सरकारने चारा ठेवण्यासाठीच सिमेंटची ती खोली बांधली आहे, आणि शाळेत धड्यात बस थांब्याचे चित्र आले तेव्हा आत बसलेली माणसे पाहून मी बाईंना विचारले होते की यांनी चारा कुठे हलवला. वर्ग हसला. तेव्हापासून मी वर्गात प्रश्न विचारत नाही.

"बाबा, चारा हलवायला हवा."

"कुठे हलवू? तुझ्या पुस्तकांच्या फळीवर?"

"निवारा प्रवाशांसाठी असतो."

"इतक्या वर्षांत एक तरी प्रवासी आला का तक्रार घेऊन? गुरं निदान खातात तरी त्यातलं."

"त्या दिवशी लोक उभे कुठे राहणार?"

"उन्हात. शेतकरी आहेत, वितळत नाहीत."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चारा निमित्त आहे." बाबा म्हणाले, "तू भांडी घास." आई म्हणाली, "घासतेच आहे." आमच्या घरात कुठल्याही मोठ्या विषयावरचा संवाद साधारण या टप्प्यावर संपतो.

चारा कशाचे निमित्त आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल तर कृपया कळवावे. मला इथे कोणी सांगत नाही.

तुमची भाची


शनिवार, २१ सप्टेंबर

आत्या,

तुम्ही कळवले नाहीत. मळ्यातल्या काकूंनी सांगितले, तेही मी न विचारता. बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या, गुडघा दुखतो म्हणाल्या, आणि गुडघ्यावरून गाडी थेट तुमच्यावर आली.

"तुझ्या आत्याला कंडक्टरची नोकरी लागली ना, तेव्हा तुझा बाप म्हणाला, आमच्या घरची पोर तिकिटं फाडत फिरणार नाही. ती म्हणाली, फिरणार. आणि फिरली. पहिल्याच वर्षी हीच गाडी मिळाली तिला. रोज सकाळी तुमच्या दारासमोर खांद्याला पिशवी लावून उभी. मग यानं काय केलं, तर थांबा भरून टाकला चाऱ्यानं. थांबाच नको म्हणजे गाडी उभी राहायला नको."

"आणि आत्यानं?"

"ती कसली ऐकते. एकाच आईची दोघं. म्हणाली, थांबा नाही तर नाही. घंटी मारून प्रत्येकाच्या फाटकावर गाडी उभी करायला लागली. फक्त तुमच्या दारावरून न थांबता जायची, समोर बघत. आम्हाला काय, बरंच झालं. चालणं वाचलं."

म्हणजे, आत्या, ज्या सवयीपायी आमची मोजणी शून्य आली ती सवय तुम्ही लावलीत, आणि ज्या चाऱ्यापायी तुम्ही ती लावलीत तो चारा बाबांनी भरला. तुम्ही बदलून दुसऱ्या मार्गावर गेलात, पुढच्या परीक्षा दिल्यात, आगारप्रमुख झालात; चारा तिथेच राहिला आणि सवयही. दोघा भावंडांच्या अबोल्यावर एक अख्खी वस्ती गेली सतरा वर्षे चढते-उतरते आहे, आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. आता त्याची झळ लागणार ती माझ्या परीक्षेला, लिटरकाकांच्या रक्तदाबाला आणि काकूंच्या गुडघ्याला. आणि तुमचे कार्यालय आम्हाला विचारते की प्रवासी नेमलेल्या थांब्यावरून का चढत नाहीत.

हे वाक्य लिहून झाल्यावर क्षमा मागावी असे वाटले होते. मग ठरवले की नको.

लोकांना थांब्यावर आणण्याचे काम मी हाती घेतले आहे. घरोघरी जाऊन बोलणे मला जमणार नव्हते, म्हणून दूध केंद्राच्या फळ्यावर लिहिले: "सोमवार, दि. ३० रोजी सकाळी सात वाजता सर्व ग्रामस्थांनी बस थांब्यावर आवर्जून उपस्थित राहावे. आपली बस आपल्याच हाती." लिटरकाकांनी ते दूध मापता मापता सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाले, "भाषा झकास आहे." केंद्रावरचा प्रत्येक जण येतो म्हणाला. एवढ्या एकमताने आमच्याकडे आजवर फक्त पाण्याच्या पाळीवर भांडण झाले आहे, त्यामुळे मी किंचित साशंक आहे.

चारा अजून जागच्या जागी आहे. बाबांना मी काकूंचे बोलणे सांगितले नाही. पण काल जेवताना त्यांनी आपणहून विचारले, "आगारात ती बसते कुठे? खाली की माडीवर?" मी म्हटले, मला माहीत नाही. "कॉलेजला जाताना रोज तिथे उतरतेस आणि माहीत नाही?" म्हणाले, आणि ताट घेऊन उठले.

मला माहीत आहे. तळमजल्यावर, चौकशीच्या खिडकीच्या डाव्या हाताला. दारावर हिरवा पडदा आहे. पहिल्या वर्षापासून मी त्या पडद्यासमोरून जाते आणि दरवेळी चालण्याचा वेग वाढवते. समोर बघत.

तुमची भाची


सोमवार, ३० सप्टेंबर
आगार, फलाट क्रमांक तीनचे बाकडे

आत्या,

तुमच्या मोजणीच्या माणसाचा अहवाल या पत्राच्या आधी तुमच्या टेबलावर पोचला असेल. त्यात आजचा आकडा "दोन" असा असेल. तो बरोबर आहे. मात्र तो कसा बरोबर आहे हे त्याला लिहिता येणार नाही, म्हणून मी लिहिते.

काल दुपारी बाबांनी चारा हलवला. कोणाला काही न बोलता पेंढ्या एकेक करून रस्ता ओलांडून आणल्या आणि आमच्या ओसरीवर रचल्या, समोरच्या दारासकट. आता आम्ही मागच्या दाराने ये-जा करतो. आई म्हणाली, "दुसरी जागा नव्हती?" बाबा म्हणाले, "होती." निवाऱ्यात तळाशी सिमेंटचा बाक निघाला, अगदी कोरा. बाबांनी तो दोनदा धुतला.

आज सकाळी सातला मी गेले तर थांबा माणसांनी भरलेला. इस्त्रीचे सदरे, तेल लावलेले केस, लिटरकाकांच्या डोक्यावर नवी टोपी. त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभे केले होते. मला भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा मी फळ्यावर काही लिहिले होते आणि लोकांनी ते केले होते.

बस आली, थांब्यावर थांबली. दार उघडले. मोजणीचा माणूस कागद घेऊन दारात उभा. कोणी हलेना.

"चढा की," कंडक्टर म्हणाला.

"कुठे?" लिटरकाका म्हणाले.

"गाडीत."

"आम्हाला कुठे जायचंय? आम्ही मोजणीला आलोय. मोजा."

"काका, मोजणी चढणाऱ्यांची असते."

"मग फळ्यावर तसं लिहायचं ना. उपस्थित राहा लिहिलंय, राहिलो. पोरीनं स्पष्ट लिहिलंय." त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. "आता गुरं सोडायची आहेत, शहरात कसे येणार? तुम्ही मोजा हो, बत्तीस आहेत, मी दोनदा मोजलेत."

चढा असे म्हणायला मी तोंड उघडले. तेवढ्यात रांग मोडली. जाताना प्रत्येकाने मोजणीच्या माणसाला चहाला बोलावले.

आणि ज्यांना खरोखर जायचे होते ते कुठे होते? आपापल्या फाटकावर. बस सुटली तेव्हा मला खिडकीतून दिसले: मळ्यातल्या काकू पिशवी घेऊन उभ्या, पुढे दोन बायका शहराच्या बाजारासाठी भाजीच्या टोपल्या घेऊन, त्याच्या पुढे औषधाला जाणारे आजोबा, प्रत्येक फाटकावर कोणी ना कोणी. नियमाप्रमाणे बस कोठेही थांबली नाही. सगळे हात हलवत मागे पडत गेले. काकू मागून ओरडल्या ते मला ऐकू आले: "थांब्यावर गर्दी होती गं."

मी मोजले नाही. पंधराहून नक्कीच जास्त असतील.

तर आजचे प्रवासी दोन. एक मी. दुसऱ्याविषयी मोजणीच्या माणसाला काही विशेष वाटले नसेल. रांग पांगल्यावर हा दुसरा प्रवासी रिकाम्या बाकावरून उठला, धोतराचा सोगा हातात धरला आणि माझ्या मागोमाग चढला. मला वाटले, बाबा मला काही सांगायला आले असतील. ते माझ्या शेजारी बसले.

"बाबा, कुठे निघालात?"

"तिकीट काढ दोन."

कंडक्टरने यंत्रातून तिकीट काढून दिले. बाबांनी ते बराच वेळ उलटेसुलटे पाहिले. "हातानं फाडून द्यायचे ना पूर्वी?"

"आता यंत्र आलं, काका. फाडाफाडी संपली."

ते तिकीट अजून बाबांच्या मुठीत आहे; घामाने छपाई पुसली असावी.

आम्ही इथे उतरल्याला तीन तास होऊन गेले. माझे पहिले दोन तास बुडाले, हजेरीचे काय व्हायचे ते होईल. तुमच्या दारावरचा शिपाई सांगतो की मॅडमना भेटण्याची वेळ दुपारी तीन ते चार. मी बाबांना म्हटले की नातेवाईक आहोत असे सांगू. ते म्हणाले, "नको. असं सांगून आत गेलो आणि ती नाही म्हणाली, तर?" इतकी वर्षे त्यांना मी हट्टी समजत होते. ते भितात, आत्या. माझ्याचसारखे. हे मला आज या बाकड्यावर कळले, आणि त्याचाही मला रागच आला आहे, कारण हे आधी कळले असते तर मी त्यांच्याशी चौथ्यांदा, पाचव्यांदा बोलले असते.

बस बंद करण्याच्या आदेशावर आज तुमची सही व्हायची आहे, हे मला ठाऊक आहे. दोन ही संख्या नियमात बसत नाही हेही मान्य. दोनाचे पंधरा करा असे मी म्हणणार नाही. माझी मागणी एवढीच आहे की सहीपूर्वी आणखी एक मोजणी व्हावी आणि ती तुम्ही स्वतः करावी. साडेपाचच्या बसने आमच्याबरोबर चला, किंवा उद्या सकाळी या. थांब्यावर बसा, फाटकांवर नजर टाका, कोण कुठे उभे आहे ते पाहा. ती उभी राहण्याची जागा तुम्हीच प्रत्येकाला नेमून दिली आहे, तुमच्याइतके ते दुसऱ्या कोणाला मोजता येणार नाही. फळ्यावर मी या वेळी नीट लिहीन.

बाबांना विचारले, त्यांच्याकडून काही लिहायचे आहे का. प्रथम म्हणाले, काही नाही. मग हिरव्या पडद्याकडे पाहत राहिले. पडद्याखालून तुमच्या चपला दिसतात. इतका वेळ ते त्याच पाहत होते हे तेव्हा माझ्या लक्षात आले. म्हणाले, "मी इथवर आलोय. पुढचं दार तिचं आहे." मी हे लिहीत होते तेवढ्यात म्हणाले, "ते नको लिहू. ते खोड."

मी खोडलेले नाही.

"मग काय लिहू?"

त्यांनी मुठीतले तिकीट उलगडले, पुन्हा घडी केले.

"लिही, थांबा मोकळा केलाय. बाकही धुतलाय."

तुमची भाची

(शिपायाच्या हाती दिले: सोमवार, ३० सप्टेंबर, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटे.)